व्याकरण आवडतं, पायथॉन थोडंफार येतं: संगणकीय भाषाशास्त्रात पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी नागपुरात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्याकरण मनापासून आवडतं, घरच्या घरी पायथॉन शिकली आहे आणि संगणकीय भाषाशास्त्रात, म्हणजे संगणकाकडून भाषा हाताळून घेण्याच्या शास्त्रात, संशोधन करायचं म्हणते. शंका दोन. चॅटजीपीटीसारखी मॉडेलं आल्यावर व्याकरण जाणणाऱ्या माणसाची तिथे गरज उरली आहे का? आणि नागपुरात राहून या कामाची सुरुवात करता येते का?

दुसऱ्या शंकेचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. पहिलीचंही ‘हो’च आहे, पण तुम्ही आज व्याकरण ज्याला म्हणता आणि तिथे लागतं ते व्याकरण, यांत बरंच अंतर आहे. ते अंतर कापायची तयारी असेल तर पुढचं वाचा. मी या क्षेत्रात दोन दशकांहून अधिक काळ आहे. आधी यंत्रानुवादाच्या प्रकल्पांवर काम केलं, मग काही वर्षं कंपनीत होते, आता मुख्यतः विद्यार्थ्यांबरोबर असते. त्यामुळे जे लिहिते आहे त्यात माझे पूर्वग्रह आहेतच, ते वजा करून घ्या.

मी शिरले तेव्हा व्याकरण हेच यंत्र होतं. ‘घोडा’चं ‘घोड्याला’, ‘पाणी’चं ‘पाण्यात’, ‘नागपूर’चं ‘नागपुरात’ कसं होतं याचे नियम हाताने लिहायचे, प्रत्ययांचे तक्ते करायचे, अपवादांची यादी वाढवत न्यायची. सामान्यरूपाच्या नियमांवर लोकांची वर्षं गेली. भारतात या कामाला सैद्धांतिक कणा दिला तो आयआयटी कानपूरच्या ‘अक्षर भारती’ गटाने. विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीची कारकव्यवस्था संगणकासाठी मांडली, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९५ साली आलं, आणि पुढे हे काम हैदराबादच्या ट्रिपल आयटीत रुजलं. तिथल्या ट्रीबँकमधली, म्हणजे रचनेच्या खुणा केलेल्या वाक्यांच्या साठ्यातली, लेबलं बघाल तर तुम्हाला ओळखीची वाटतील: के-१ म्हणजे कर्ता, के-२ कर्म, के-३ करण, के-४ संप्रदान, के-५ अपादान, के-७ अधिकरण. मधला सहा कुठे गेला? षष्ठी हे कारक नाही, तो दोन नामांमधला संबंध आहे, म्हणून त्याला ‘के’ न देता आर-६ असं वेगळं लेबल दिलं. शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलीला हे आपोआप कळतं, आणि तीच गोष्ट कॉम्प्युटरच्या पदवीधराला समजावताना तास जातो. तुमच्याकडे काय भांडवल आहे ते इथे दिसतं.

अरविंद जोशी हे नाव ऐकलंय का? मराठी विभागांत ते फारसं कानावर येत नाही, आणि मला त्याची चुटपुट आहे. १९२९ साली पुण्यात जन्म, १९५० साली पुण्यातूनच इंजिनिअरिंगची पदवी, मग बंगळूर आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. १९७५ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ट्री-ॲडजॉइनिंग व्याकरणाची, म्हणजे झाडासारख्या आकृत्या एकमेकींत जोडून वाक्य घडवणाऱ्या व्याकरणाची, मांडणी केली. प्रश्न मूलभूत होता: माणसाच्या भाषेतली वाक्यरचना वर्णन करायला नेमकं किती ताकदीचं गणिती यंत्र पुरेल? भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने व्याकरणांची ताकदीनुसार जी उतरंड लावली, तिच्यातल्या संदर्भमुक्त व्याकरणापेक्षा (ज्यात नियम आजूबाजूचे शब्द न बघता लागतो) किंचित जास्त, पण फार जास्त नाही, असं त्यांचं उत्तर होतं. १९८५ साली संगणकशास्त्रज्ञ शीबर यांनी स्विस जर्मनमधली उदाहरणं देऊन दाखवलं की संदर्भमुक्त व्याकरण खरोखरच अपुरं पडतं. संगणकीय भाषाशास्त्राच्या जागतिक संघटनेने २००२ साली जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान जोशींना मिळाला. मॉडेलं कितीही मोठी झाली तरी हा प्रश्न जिवंत आहे, फक्त आता तो ‘हे मॉडेल कोणत्या प्रकारची रचना शिकू शकतं’ असा विचारला जातो.

मधला इतिहास पटकन सांगते, कारण तो कुठेही मिळतो. १९९३ साली इंग्रजीची पेन ट्रीबँक आली, नियम लिहिण्याऐवजी खुणा केलेल्या वाक्यांवरून संख्याशास्त्राने शिकणं सुरू झालं. २०१३ च्या सुमारास शब्दांचे सदिश आले, म्हणजे शब्दाचा अर्थ आकड्यांच्या यादीत मांडणं, २०१७ साली आजच्या मॉडेलांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर रचना, २०१८ साली तिच्यावर उभं राहिलेलं बर्ट हे मॉडेल. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाची महाबर्टसारखी मॉडेलं आली, आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने २०२३ साली बावीसही अनुसूचित भाषांचा अनुवाद करणारं इंडिकट्रान्स-२ खुलं केलं. हाताने लिहिलेले नियम बहुतेक ठिकाणी कपाटात गेले. हे दुःखाने सांगत नाही. मराठीत आज जो अनुवाद फुकट मिळतो तो आमच्या नियमांनी कधीच मिळाला नसता.

मग व्याकरण कुठे लागतं? मॉडेल काय शिकलं आणि काय शिकलं नाही, हे तपासताना. आणि हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण मॉडेलचं मराठी वरवर अस्खलित असतं.

मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हे तुम्हाला माहीत आहे: मुलीने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली. आता वाक्य लांबवा. ‘त्या मुलीने बाजारातून आणलेले सगळे आंबे काल खाल्ले’ आणि त्याच वाक्याचं ‘…काल खाल्ली’ असं चुकीचं रूप, अशी जोडी मॉडेलसमोर ठेवायची आणि ते कोणत्या वाक्याला जास्त संभाव्यता देतं ते बघायचं. इंग्रजीसाठी ब्लिंप नावाचा असा संच २०२० साली आला, त्यात ६७ प्रकार आहेत आणि प्रत्येकात हजार जोड्या. मराठीत अशा जोड्या करायला बसलात की तुमचं व्याकरण लगेच पणाला लागतं. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थिजतं: ‘मुलीने मुलाला पाहिलं’. कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असला की ‘ने’ दिसतच नाही. आणि ‘तू पोळी खाल्लीस’ घ्या. ‘खाल्ली’तला स्त्रीलिंगी ‘ली’ पोळीचा, आणि शेवटचा ‘स’ तुमचा, म्हणजे कर्त्याचा. एकाच क्रियापदावर दोन नामांच्या खुणा! युनिव्हर्सल डिपेंडन्सीज नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत क्रियापदाला लिंग-वचन-पुरुष यांची लक्षणं लावतात. मराठीत ‘हे लिंग कोणाचं आणि हा पुरुष कोणाचा’ हे वेगळं सांगितलं नाही तर पुढे मोजणी बिघडते. बास्कसारख्या भाषांसाठी तिथे स्तरांकित लक्षणांची, म्हणजे कोणती खूण कोणाची हे वेगळं नोंदवायची, सोय आहे. मराठीसाठी ती कशी वापरायची यावर एक चांगला लेख होऊ शकतो, आणि तो लिहायला आधी हा ‘स’ दिसावा लागतो.

सीताबर्डीच्या एमपीएससी क्लासमध्ये ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न येतो, त्या व्याकरणात आणि यात फरक एवढाच की तिथे वाक्यं आधीच निवडून आणलेली असतात, खात्यात बसतील अशी. संशोधन सुरू होतं ते न बसणाऱ्या वाक्यांपासून. ‘मला भूक लागली’ यात कर्ता कोण? ‘भूक’ म्हणाल तर क्रियापदाची संगती जुळते, ‘मला’ म्हणाल तर अर्थ जुळतो. हैदराबादवाल्यांनी अशा ‘मला’साठी के-४-ए, म्हणजे अनुभवकर्ता, असं वेगळं लेबल केलं. तुम्हाला ते पटेल किंवा पटणार नाही. पण एखादी बाजू घेऊन ती शेवटपर्यंत, हजार वाक्यांत, सारखी पाळता आली पाहिजे.

आता नागपूरकडे येते, कारण माझ्या मते तुमची खरी संधी इथे आहे. मॉडेलांनी वाचलेलं मराठी बहुतांश वर्तमानपत्री, विकिपीडियाचं आणि पुस्तकी आहे. तुम्ही महालात, इतवारीत किंवा बसमध्ये ऐकता ते मराठी त्यात फार थोडं आहे. ‘पाहुणा जेवून राहिला’ हे वाक्य घ्या. पुण्याचा माणूस ऐकेल: जेवला आणि मुक्कामाला थांबला. नागपूरचा ऐकेल: आत्ता जेवतो आहे, त्रास देऊ नका. दोन्ही वाक्यं अक्षरशः तीच, पण रचना वेगळी. पहिल्यात दोन क्रिया आहेत, दुसऱ्यात एकच क्रिया आणि ‘राहणे’ हे सहायक. वाक्याची रचना झाडासारख्या आकृतीत मांडणाऱ्या पार्सरने कोणतं झाड काढायचं? संदर्भावरून ठरवायचं म्हटलं तर संदर्भाचा कोणता भाग? ‘मी गेली’ हे नागपूरकडच्या बाईचं अगदी नेहमीचं वाक्य, पण प्रमाण मराठीवर शिकलेला टॅगर (शब्दांना व्याकरणाची लेबलं लावणारा प्रोग्राम) त्याला संगतीची चूक समजू शकतो. ‘मले’, ‘तुले’मधला ‘ले’, ‘उद्या येजो’मधला पुढच्या वेळेची आज्ञा सांगणारा ‘जो’, ‘डोळा’चा ‘डोया’: यांतली प्रत्येक गोष्ट नियमबद्ध आहे, चूक नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत. त्यानंतर एवढं तंत्रज्ञान आलं, पण या बोलीची यंत्राला वाचता येईल अशी, खुणा केलेली वाक्यं शोधायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही.

आकड्यांत सांगायचं तर युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये २०१७ साली जी मराठी ट्रीबँक आली ती ४६६ वाक्यांची. हिंदीची सोळा हजारांहून जास्त वाक्यांची आहे. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे प्रमाण मराठीचीच ही अवस्था आहे, नागपुरीचं तर विचारूच नका. अशा ठिकाणी नीट केलेली पाचशे वाक्यंसुद्धा जगभर वापरली जातात. इंग्रजीवर काम करणाऱ्या कोणाच्या नशिबी हे नाही.

‘नीट केलेली’ या शब्दावर मात्र जोर आहे. दोघांनी एकमेकांचं न बघता तीच वाक्यं टॅग करायची, मग जुळणी मोजायची. त्यासाठी कोहेनचा ‘कप्पा’ (kappa) हा १९६० पासूनचा मापदंड आहे, तो योगायोगाने जुळलेला भाग वजा करतो. जिथे जुळत नाही तिथे भांडायचं, आणि भांडणाचा निकाल मार्गदर्शिकेत लिहून ठेवायचा. माझ्या अनुभवात प्रकल्प संपल्यावर लेबलांपेक्षा ही मार्गदर्शिकाच जास्त दिवस टिकते. विद्यार्थी हे काम कंटाळवाणं समजून टाळतात आणि थेट मॉडेल फाइन-ट्यून करायला, म्हणजे तयार मॉडेलला आपल्या कामासाठी थोडं पुढे शिकवायला, जातात. मग परीक्षक विचारतो, ‘हे लेबल असं का?’ आणि उत्तर नसतं.

आणखी एक कंटाळवाणं काम आहे, त्याची सवय आधीच लावून घ्या: मजकूर साफ करणं. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा संकेत. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. आणि डीटीपीवाल्याकडून जुना मजकूर आणलात तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात असण्याची शक्यता मोठी, म्हणजे युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय तो निव्वळ कचरा. हे न करता काढलेल्या कुठल्याही शब्दसंख्येवर मी विश्वास ठेवत नाही. मॉडेल मजकुराचे तुकडे कसे पाडतं तेही बघा. इंग्रजीचा एक शब्द बहुधा एकाच तुकड्यात जातो, ‘नागपूरकरांनीसुद्धा’चे मात्र कितीतरी तुकडे होतात, आणि ते बहुतेक वेळा प्रत्ययांच्या सीमेवर पडत नाहीत. हाही अभ्यासाचा विषय आहे, आणि याला मोठं यंत्र लागत नाही.

शिक्षणाचं. तुमच्या एम.ए. नंतर भाषाशास्त्राची पक्की बैठक घ्यायची असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग, हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू हे मार्ग आहेत. संगणकीय बाजूला हैदराबादची ट्रिपल आयटी आणि आयआयटी मुंबईचं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र, जिथे पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली हिंदी आणि मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध मांडणारे कोश, उभी राहिली. जवळ म्हणाल तर वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात भाषा-तंत्रज्ञानाचं काम चालतं, रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, शहरात व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी आहेत. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी तुम्हाला हवं ते सगळं मिळणार नाही. माझा सल्ला असा की पीएच.डी.ला मार्गदर्शक भाषेचा असेल तर सहमार्गदर्शक संगणकाचा घ्या, किंवा उलट, आणि दोघांची भेट नोंदणीच्या आधी घडवून आणा. दोन विभागांच्या मध्ये विद्यार्थी लोंबकळत राहिलेला मी पाहिला आहे. एकाला ‘हे व्याकरण नाही’ वाटतं, दुसऱ्याला ‘यात मॉडेल कुठे आहे’ असं वाटतं.

परदेशी जायचं असेल तर युरोपात इरास्मस मुंडसखाली भाषा-तंत्रज्ञानाचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे, आणि प्रागचं चार्ल्स विद्यापीठ किंवा जर्मनीतलं सारलँड यांसारख्या ठिकाणी भाषाशास्त्राकडून आलेल्या विद्यार्थ्याला उपरं वाटत नाही.

पैशांचं लपवून ठेवत नाही. नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार. ती नसेल तर प्रकल्पावरच्या जागा, आणि त्या निधीबरोबर येतात नि जातात. कंपन्यांत पगार बरे आहेत, पण तिथे ‘भाषातज्ज्ञ’ म्हणून घेतलेल्या माणसाला बरेचदा फक्त लेबलं लावायला बसवतात आणि दोन वर्षांत करार संपतो. त्या खुर्चीतून वर जायला कोड वाचता आणि लिहिता येणं हाच मार्ग मी पाहिला आहे. गणिताला घाबरू नका. संभाव्यता, सदिश (व्हेक्टर) आणि आव्यूह (मॅट्रिक्स) यांची बारावी-पदवीच्या पातळीची ओळख हवी, तेवढ्यावर शोधनिबंध वाचता येतात. एसीएल अँथॉलॉजी या ऑनलाइन संग्रहावर या क्षेत्रातले बहुतेक निबंध फुकट आहेत, आणि आठवड्याला एक नीट वाचणं हे कुठल्याही महागड्या ऑनलाइन कोर्सपेक्षा जास्त उपयोगी आहे.

गोंडीबद्दल दोन शब्द, कारण नागपूरचा विद्यार्थी कधीतरी तिकडे वळतोच. सुमारे ३० लाख भाषिक, द्राविड कुळ, आठव्या अनुसूचीत नाही, आणि लिहिण्यासाठी देवनागरीपासून तेलुगूपर्यंत लिप्या, शिवाय मसराम आणि गुंजाळा या तिच्या स्वतःच्या दोन लिप्या २०१७ आणि २०१८ साली युनिकोडमध्ये आल्या. काम अफाट आहे. पण गोंडी येत नसताना, गावातल्या माणसांना सहभागी न करता, रेकॉर्डर घेऊन जाऊन डेटा आणायचा हे करू नका. आवाज त्यांचा आहे, संमती लागते, आणि ती त्यांना समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. निबंधावर त्यांचं नाव हवं का, हेही आधीच विचारावं लागतं.

आता लगेच काय करायचं ते. ‘-ऊन राहणे’ घ्या. घरातल्या, शेजारच्या, मैत्रिणींच्या बोलण्यातली अशी वाक्यं परवानगीने टिपा. प्रत्येक वाक्याला ‘चालू क्रिया’ की ‘करून थांबला’ असं लेबल लावा, मैत्रिणीकडून वेगळं लावून घ्या, कप्पा काढा. मग उघड्यावर मिळणारं एखादं मराठी मॉडेल घेऊन बघा, ते हा भेद किती ओळखतं, आणि ‘आत्ता’, ‘काल’ असे शब्द वाक्यात घातले की काय बदलतं. एखाद्या लॅपटॉपवर आणि गूगलच्या फुकटच्या कोलॅबवर (ब्राउझरमध्ये पायथॉन चालवायची सोय) हे होतं. यातून चार पानांचा निबंध निघतो आणि तो आयकॉनसारख्या भारतीय परिषदेला पाठवता येतो. स्वीकारला गेला नाही तर परीक्षकांचे शेरे तरी मिळतात. डेटा गिटहबवर टाकताना त्याला परवाना लावा, सीसी-बाय (श्रेय देऊन कोणीही वापरावं असा परवाना) चालेल. परवाना नसलेला डेटा सावध संशोधक वापरत नाहीत, आणि बोलींवर आधीच झालेलं काही काम याच कारणाने कोणाच्या उपयोगी पडत नाही.